पॉलिसीवरचं पहिलं नाव

सुहासिनी गेली हे त्र्यंबकला कळलं तेव्हा तो लॉरेन्स एक्स्प्रेसवेवर गाडी चालवत होता. फोन तिच्या ऑफिसातून, एचआरच्या बाईचा. तिने आधी विचारलं, "सर, तुम्ही ड्राइव्ह करताय का?" तो हो म्हणाला. "मग प्लीज गाडी बाजूला घ्या." त्याने घेतली. "इंजिन बंद केलंत?" केलं. एवढी खात्री करून घेतल्यावर तिने सांगितलं, की सुहासिनी ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसलेली सापडली, अँब्युलन्स आली होती, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली असावी, वी आर सो सॉरी. अमेरिकेत बायको गेल्याची बातमीसुद्धा वाहतुकीचे नियम पाळून देतात.

ही ऑक्टोबर दोन हजार सहाची गोष्ट. सुहासिनी चव्वेचाळीस वर्षांची होती. गाडी आणायला त्र्यंबक गेला तेव्हा ती दोन पांढऱ्या रेघांच्या अगदी मधोमध उभी होती आणि हँडब्रेक ओढलेला होता. सोळा वर्षं अमेरिकेत गाडी चालवून सुहासिनीला एकदाही पोलिसांचं दंडाचं तिकीट मिळालं नव्हतं. त्र्यंबकला तीन मिळाली होती, आणि तिन्हींचे चेक तिनेच लिहिले होते.

घरातले सगळे कागद ती बघायची. टॅक्स, गॅसचं बिल, ग्रीन कार्डाचे अर्ज, मुलीच्या, शिवांगीच्या, शाळेचे फॉर्म. त्र्यंबक चिपा तपासायचा. एका चिपेत लाखो ट्रान्झिस्टर असतात, ते त्याला कळायचे, पण घराचा विमा कोणत्या कंपनीचा आहे हे त्याला ती गेल्यावर कळलं. मग त्याने एकेकाला कळवायला सुरुवात केली. बँकेने आठवड्याच्या आत तिचं नाव काढून टाकलं. एवढ्या तत्परतेने त्यांनी कधी चेकबुकही पाठवलं नव्हतं. फोन कंपनी, लायब्ररी, डेंटिस्ट, सगळ्यांना कळवून झालं. गाडीच्या विम्याच्या कंपनीला कळवायचं राहिलं. राहिलं म्हणण्यापेक्षा त्याने ते ठेवलं. त्या पॉलिसीवर पहिलं नाव तिचं होतं आणि खाली दुसरं त्याचं. दोघांची नावं एकत्र असलेला घरात आता तेवढाच कागद उरला होता. पैसे खात्यातून आपोआप जात होते, कंपनीची तक्रार नव्हती, आणि सुहासिनीची तर नव्हतीच.

आता त्यांच्या मित्रमंडळींच्या एका पद्धतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

सनीव्हेल आणि आसपासची ही सहा घरं. कोणी पुण्याचं, कोणी नागपूरचं. महिन्यातून दोनदा कोणाकडे तरी जमायचं. पुरुषांनी प्यायची आणि बायकांनी गाडी चालवायची, हे कधी ठरलेलं नव्हतं आणि कधी मोडलंही नव्हतं. दारातून आत शिरताना नवरा किल्ली बायकोच्या हातात द्यायचा, ती पर्समध्ये टाकायची आणि संत्र्याचा रस घेऊन बसायची. सुहासिनी तर नुसता तळहात पुढे करायची, शब्द नाही. पुरुष मग आत जाऊन देशाचं भलं, शेअर बाजार आणि स्कॉच यांवर गंभीर चर्चा करायचे. निघताना त्र्यंबक गाडीत उजव्या बाजूला, म्हणजे इथल्या हिशेबाने चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचा, पट्टा लावायचा आणि डोळे मिटायचा. घर आपोआप यायचं.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, मेमोरियल डेला, चंद्रशेखरकडे दुपारचं जेवण होतं. चंद्रशेखर त्र्यंबकचा पुण्यापासूनचा मित्र. सात महिने त्र्यंबक कोणाकडे गेला नव्हता, म्हणून त्याला अगदी आग्रहाने बोलावलं. शिवांगी आली नाही, तिला मैत्रिणीकडे जायचं होतं. तो आला आणि सगळ्यांची पंचाईत झाली. बायको गेलेल्या माणसाशी काय बोलायचं हे कोणाला माहीत नव्हतं, म्हणून जो तो त्याच्या ग्लासात ओतत होता.

"त्र्यंब्या, घे रे. थोडी घे."

"बास, शेखर."

"बास काय? ती असती तर नको म्हणाली असती. आता कोण म्हणणार आहे?"

हे सांत्वन म्हणून बोललेलं होतं. बोलून झाल्यावर चंद्रशेखरलाही ते ऐकू आलं आणि घाईघाईने त्याने आणखी थोडी ओतली.

साडेतीनला त्र्यंबक निघाला. गाडीशी गेला, उजवं दार उघडलं, बसला, पट्टा लावला आणि डोळे मिटले. सुहासिनीला दारात बोलायची सवय होती, चंद्रशेखरच्या बायकोशी, दीपाशी, अर्धा तास तरी व्हायचा. तो थांबला. शेजाऱ्याच्या हिरवळीवरचं पाणी सुरू झालं, बंद झालं. ऊन खिडकीतून मांडीवर आलं. मग किल्ली आपल्याच खिशात टोचतेय हे त्याच्या लक्षात आलं.

तो मग उतरला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि बसला.

परत घरात जायला हवं होतं. हे त्याला नंतर न्यायाधीशांनी, वकिलांनी, दर मंगळवारच्या वर्गातल्या शिक्षिकेने आणि सहा घरांतल्या दहा माणसांनी सांगितलं. त्या वेळी मात्र तिथे कोणीच नव्हतं.

त्याला पकडलं ते हळू चालवण्याबद्दल. ताशी पस्तीस मैलांच्या रस्त्यावर तो एकोणीसने जात होता, भरदुपारी, चारही इंडिकेटर लावून. पोलीस तरुण होता आणि फार सभ्य होता.

"सर, मी तुम्हाला का थांबवलं, कल्पना आहे?"

"एरवी माझी बायको चालवते," त्र्यंबक म्हणाला.

"मग आज त्या कुठे आहेत?"

त्र्यंबकने मागे वळून बघितलं. या प्रश्नाचं बरोबर उत्तर त्याला देता आलं नाही आणि पोलिसाने ते वहीत लिहून घेतलं. मग त्याने टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत नऊ पावलं चालायला सांगितलं. लग्नात त्र्यंबक सात चालला होता आणि तेव्हा सुहासिनी बरोबर होती. इथे चौथ्यालाच तोल गेला. श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनने पॉइंट अकरा दाखवलं. कायद्याला पॉइंट शून्य आठपासूनच राग येतो, हे त्या दिवशी शिकायला मिळालं.

त्याला पोलीस ठाण्यातून सोडवायला चंद्रशेखर आला. "अरे, सांगायचं ना! मी सोडलं असतं!"

"तूही प्यायला होतास."

"मग दीपाने सोडलं असतं."

दीपा शेजारी रडत उभी होती. "मला वाटलं रत्ना सोडणार आहे," ती म्हणाली. जेवायला आलेल्या रत्नाला वाटलं होतं दीपा सोडेल. प्रत्येकीने आपापला नवरा मोजला होता आणि हिशेब बरोबर आला होता. एक पुरुष जास्तीचा आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शिवांगी सोळा वर्षांची. ती घरी सोफ्यावर बसून होती. ती इथेच जन्मलेली, राग आला की पूर्ण इंग्रजीत जाते.

"यू कुड हॅव किल्ड समवन, बाबा."

"मी फार हळू चालवत होतो गं."

"ऑर युअरसेल्फ. देन आय वुड हॅव, लाइक, झीरो पेरेंट्स." मग ती मराठीत आली, आणि ते जास्त लागलं. "मी तुझ्या गाडीत बसणार नाही."

'बस गं' असा आग्रह त्याने केला नाही. त्याचं लायसन्सही पोलिसांनी काढून घेतलं होतं, म्हणजे वाद घालण्यासारखं काही नव्हतंच.

कोर्टात त्याने गुन्हा मान्य केला. दंड झाला, पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीचा तीन महिन्यांचा वर्ग लागला. लायसन्स चार महिने बंद. त्यातला पहिला महिना गेल्यावर फक्त ऑफिसला आणि वर्गाला जाण्यापुरतं मिळेल, पण त्यासाठी एसआर-बावीस नावाचा कागद हवा. म्हणजे विमा कंपनीने सरकारला लिहून द्यायचं, की या माणसाचा विमा चालू आहे, आणि त्याने बंद केला तर आम्ही लगेच तुम्हाला सांगू. शाळेत मॉनिटर मास्तरांना सांगतो, तसं.

ऑगस्टमध्ये कंपनीची दोन पाकिटं एकाच दिवशी आली. दोन्हींवर नाव सुहासिनीचं. शिवांगीने फोडली.

पहिल्यात अभिनंदन होतं. प्रिय सुहासिनी, गेल्या वर्षभरात तुमच्या नावावर एकही अपघात नाही, एकही गुन्हा नाही, आपल्यासारख्या ग्राहकांचा आम्हाला अभिमान आहे. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं, की प्रिय सुहासिनी, आपल्या घरातल्या एका चालकाला दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाल्याचं आमच्या लक्षात आलं आहे. आपली पॉलिसी या स्थितीत पुढे चालू ठेवता येणार नाही. मात्र सदर चालकाला पॉलिसीतून वगळायची आपली तयारी असेल, तर सोबतच्या फॉर्मवर सही करावी.

शिवांगीने पत्र दोनदा वाचलं. "दे वॉन्ट आई टू किक यू ऑफ." तिने पत्र टेबलावर ठेवलं. "ऑनेस्टली? फेअर."

तिचं यात अडकलेलं होतं. पंधराव्या वर्षी तिने शिकाऊ परमिट काढलं, तेव्हा सुहासिनी तिला गाडी शिकवत होती. कायद्याने पन्नास तास मोठ्या माणसाबरोबर चालवावं लागतं. बावीस झाले आणि सुहासिनी गेली. राहिलेले तास दीपा आता आपल्या व्हॅनमध्ये करून घेत होती, दर शनिवारी सकाळी, अपराध्यासारखी वेळेच्या आधी हजर राहून. तास पुरे झाले की परीक्षा. पण ज्या दिवशी लायसन्स हातात येईल, त्या दिवशी शिवांगीचं नाव घरच्या पॉलिसीवर घालावं लागणार होतं, आणि घरच्या पॉलिसीचं आता हे असं झालं होतं.

त्र्यंबकने विनयला फोन केला. विनय विम्याचा एजंट, गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर पेनं आणि कॅलेंडरं वाटायचा. तो फाइल घेऊन घरीच आला, चहा घेतला, सुहासिनीच्या फोटोला नमस्कार केला आणि कॅल्क्युलेटर काढला.

"पेठेसाहेब, स्पष्ट बोलू? आत्ता तुम्ही दोन गाड्यांचे सहा महिन्यांचे सातशे ऐंशी डॉलर भरताय. तुम्ही एकटे, एक गाडी, एसआर-बावीससकट, दुसऱ्या कंपनीत, चोवीसशे साठ. ही कंपनी तुम्हाला घेणारच नाही."

"आणि शिवांगीला घातलं तर?"

विनयने आकडा बोलून दाखवला नाही. कॅल्क्युलेटर वळवून दाखवला. तो बेचाळीसशेच्या पुढे होता.

"किती दिवस हे?"

"गुड ड्रायव्हरची सवलत गेली ती दहा वर्षं. म्हणजे वीस टक्के सूट नाही. दोन हजार सतराला तुम्ही परत चांगले ड्रायव्हर व्हाल."

"आणि आत्ता दारू सोडली तर?"

"तब्येतीला चांगलं," विनय म्हणाला. "विम्याला फरक नाही." मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "पण एक मार्ग आहे. हा फॉर्म आलाय ना, चालक वगळण्याचा? तुम्हाला वगळू. वहिनी राहू देत."

"विनय, ती..."

"मला माहितेय हो. मी आलो होतो ना तेव्हा. पण कंपनीला कोणी कळवलंय? नाही ना? कंपनीच्या दृष्टीने वहिनी अजून एक नंबरच्या ड्रायव्हर आहेत. त्यांच्या पॉलिसीवर शिवांगी आली, की सगळं मिळून बाराशेच्या आत. तुम्ही वर्षभर ट्रेनने जा. स्टेशनवरून तुमच्या ऑफिसची शटल बस असते की."

"आणि सही?"

"आता सोळा-सतरा वर्षं संसार केलात, साहेब. सही पाठ असेल."

विनय वाईट माणूस नव्हता. त्याने दोनदा सांगितलं, की हे मी सांगितलं असं कुठे म्हणू नका.

शनिवारी सकाळी त्र्यंबक जेवणाच्या टेबलाशी बसला आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला सही करून बघायला लागला. ती त्याला येईना. 'एस'चं वळण ती कुठून आणायची, पेठेच्या शेवटी रेघ होती का टिंब, काही आठवेना. सुहासिनीला त्याची सही येत होती. टॅक्सच्या कागदांवर, शाळेच्या फॉर्मांवर, कितीतरी ठिकाणी तिनेच त्याची केली होती, त्याला ऑफिसातून फोन करून नुसतं सांगायची. तिची करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पाकिटावर अकरा सुहासिनी झाल्या आणि त्यातली एकही ती नव्हती.

शिवांगी दीपाची वाट बघत खाली आली. "व्हॉट आर यू डूइंग?"

त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. विनयने सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. शिवांगी पाकिटाकडे बघत होती.

"बाबा, दॅट्स टेरिबल. पेन दे." तिने पेन घेतलं आणि एका झटक्यात सही केली. तंतोतंत. रेघही होती आणि रेघेखाली टिंबही.

"तुला कशी येते?"

"पी.ई.च्या नोट्स. खेळाचा तास चुकवायला." ती किंचित लाजली. "आईला माहीत होतं. शी सेड, ॲट लीस्ट मेक द एस राउंड."

दोघंही हसले. दहा महिन्यांत त्या घरात दोघं एकत्र हसायची ती पहिली वेळ असावी. मग दोघांनी सहीकडे पाहिलं आणि हसायचं थांबलं. शाई ओली होती. सुहासिनी आत्ताच सही करून आत गेली आहे असं वाटत होतं.

"फॉर्मवर करू?" शिवांगीने विचारलं. "सीरियसली. आय डोन्ट माइंड. मला गाडी पाहिजे. शाळेत सगळे ड्राइव्ह करतात, मी एकटीच दीपा काकूच्या व्हॅनमधून फिरते."

त्र्यंबकने फॉर्म वाचला. आजवर कोणताही फॉर्म त्याने पूर्ण वाचला नव्हता. मी, खाली सही करणारी, मान्य करते की सदर चालकाने केलेल्या कोणत्याही नुकसानीस ही पॉलिसी बांधील राहणार नाही. खाली बारीक अक्षरांत, दिलेली माहिती खोटी आढळल्यास पॉलिसी मुळापासून रद्द समजली जाईल.

"तू कोणाला ठोकलंस तर?" तो म्हणाला.

"मी नाही ठोकणार."

"मलाही असंच वाटलं होतं."

शिवांगीने पेन खाली ठेवलं.

"तू ठोकलंस, तर ते हा कागद काढतील. आई दहा महिन्यांपूर्वी गेलेली, आणि सही ऑगस्टची. मग विचारतील सही कोणाची. मी माझी म्हणेन, ते म्हणतील करून दाखवा." त्याने पाकीट तिच्यापुढे सरकवलं. "ही बघ माझी."

बाहेर दीपाने हॉर्न वाजवला. शिवांगी उठली, दाराशी गेली, परत वळली. "मग मला गाडी नाही."

"आत्ता नाही."

"बिकॉज ऑफ यू."

"हो."

तिने दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी लंच टाइममध्ये त्याने कंपनीच्या नंबरला फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"पॉलिसीवर पहिलं नाव सुहासिनी आहे. मला त्यांच्याशी बोलावं लागेल, सर."

"त्या बोलू शकत नाहीत."

"मग त्या केव्हा उपलब्ध असतील?"

त्र्यंबक दहा महिने निरनिराळे शब्द वापरत आला होता. एक्स्पायर्ड म्हणालेला, पास्ड अवे म्हणालेला, नो मोअर म्हणालेला, भारतात फोनवर 'गेली' म्हणालेला. यातला एकही शब्द त्या मुलीच्या स्क्रीनवरच्या रकान्यात बसला नसता.

"शी इज डेड," तो म्हणाला.

"ओह, आय ॲम सो सॉरी फॉर युअर लॉस." मग कीबोर्डचा आवाज. "तारीख?"

त्याने तारीख सांगितली. ती मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागू लागली. अधूनमधून सॉरी म्हणत होती आणि टाइप करत होती. सहा-सात मिनिटांत सोळा वर्षांचा निर्दोष रेकॉर्ड बंद झाला. त्र्यंबक आता पॉलिसीवरचं पहिलं आणि एकमेव नाव झाला. एवढ्या मोठ्या बढतीनंतर तीस दिवसांत पॉलिसी रद्द होईल असं तिने सांगितलं, आणि आणखी काही मदत करू शकते का असं विचारलं.

विनयने दुसऱ्या कंपनीत त्याची सोय केली. चोवीसशे साठ, सहा महिन्यांचे, एसआर-बावीससकट. कागदावर वर्ग छापला होता, हाय रिस्क. स्वतःची गाडी त्र्यंबकने विकली आणि सुहासिनीची ठेवली. सप्टेंबरपासून तो तिच्या गाडीने ऑफिसला जातो आणि मंगळवारी वर्गाला. वर्गातली शिक्षिका दर वेळी सगळ्यांना विचारते, की पुढच्या वेळी प्यायलात तर घरी कसे जाल, तुमचा प्लॅन काय? सगळे टॅक्सी म्हणतात. त्र्यंबकही टॅक्सी म्हणतो, कारण खरं उत्तर मोठं आहे.

शिवांगीचे पन्नास तास ऑक्टोबरात पुरे झाले. दीपाने शेवटच्या शनिवारी येताना पेढे आणले. शिवांगी सायकलने शाळेत जाते. एकदा पाऊस होता तेव्हा त्र्यंबक म्हणाला, चल सोडतो. ती म्हणाली, तुला शाळेची परवानगी नाही, फक्त ऑफिस आणि वर्ग. बरोबरच होतं. पूर्ण लायसन्स आल्यावर परत विचारायचं असं त्याने ठरवलं आणि मग ते आलं तरी विचारलं नाही.

शिवांगीने चालवायच्या परीक्षेची तारीख अजून घेतलेली नाही. तिचं नाव पॉलिसीवर घालायचं राहिलं आहे.